खांब तेच, घर बदललं : गोवंडी परिसरातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा इतिहास



मुंबईच्या वास्तूंवर बोलायचं म्हटलं की आपण सहसा फोर्टात जातो. स्टेशनं, हायकोर्ट, विद्यापीठ, फार तर गिरगावातली खोताची वाडी. आज आपण गोवंडीत जाणार आहोत. गोवंडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते देवनारचं डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना, शिवाजीनगर, बैंगनवाडी. इथे शेतकऱ्याचं घर कुठून आलं, असं कुणी विचारलं तर ते साहजिकच आहे. पण आजही महसुली नोंदींमध्ये गोवंडी, देवनार, बोर्ला, मानखुर्द, मंडाले, तुर्भे, आणिक, माहुल, वाढवली ही सगळी गावंच आहेत. या गावांना गावठाणं होती आणि काही ठिकाणी ती अजून आहेत. त्या गावठाणांत लाकडी सांगाड्याची घरं उभी राहिली, आणि तीही हळूहळू बदलत गेली.

आज आपण कुणा एका कुटुंबाचं घर घेणार नाही, घराचा प्रकार घेणार आहोत. साष्टी बेटाच्या आग्नेय टोकाला, ठाण्याच्या खाडीलगत, भातशेती आणि मिठागरं यांवर जगणाऱ्या गावांतलं घर. आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या समाजांची घरं तपशिलात वेगळी असत. देवघराच्या जागी आल्तार असे, ओटीवर जाळी वाळत असे किंवा भाताचे भारे असत. सांगाडा मात्र बराचसा सारखा होता. आपल्याला या सांगाड्यालाच एक प्रश्न विचारायचा आहे : घर न पाडता घराची मांडणी इतक्या वेळा कशी बदलता आली? आणि आता ती बदलता बदलता घरच का पडायला आलं?

सांगाडा कसा उभा राहतो

सुरुवात जोत्यापासून करू. मुंबईच्या या भागात वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन खारी, सखल. म्हणून आधी दगडामातीचं जोतं भरायचं. जोत्यावर जिथे खांब यायचा तिथे एकेक घडीव दगड बसवायचा. याला तळखडा म्हणतात. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर नुसता टेकलेला असतो. यामुळे ओल लाकडात चढत नाही आणि वाळवीला सहज वाट मिळत नाही. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

खांबांवर तुळया येतात. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेला, तुळईत त्याच्या मापाची खाच, आणि सांधा पक्का करायला लाकडी मेख. लोखंड जवळजवळ नाही. मधल्या उंच खांबांवर आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर बांबू किंवा रिपा, आणि वर छप्पर. ऐपत असेल त्याचे खांब सागाचे. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या जंगलांतून लाकूड खाडीच्या वाटेने खाली येत असे. ज्याची ऐपत नाही तो ताडाचं खोड, आईन, मिळेल ते रानलाकूड वापरी. साष्टीत ताड भरपूर होते.

भिंती सगळ्यात शेवटी. बांबूच्या किंवा कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. पैसेवाल्याकडे विटेची किंवा दगडाची भिंत. पण भिंत कुडाची असो की विटेची, छपराचं वजन मुख्यतः खांबांवर असतं. भिंत पाऊस अडवते, उजेड अडवते, शेजाऱ्याची नजर अडवते. ती काढली तर छप्पर खाली येत नाही.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. साधारण पाच-सहा फूट. जुन्या खरेदीखतांत घराचं मोजमाप खणांत दिलेलं आढळतं : इतक्या खणांचं घर, इतक्या खणांची ओटी. म्हणजे घर 'किती खोल्यांचं' असा हिशेब नव्हता. खोली आज आहे, उद्या नाही. खण मात्र कायम.

भाताने आखलेलं घर

आता या सांगाड्यात शेतकरी कसा राहत होता ते पाहू. पुढून आत जाऊ या.

आधी खळं किंवा अंगण. शेणाने सारवलेलं. इथे झोडणी, उफणणी, वाळवण. मग ओटा, मग ओटी. ओटी तिन्ही बाजूंनी किंवा निदान समोरून उघडी. आल्यागेल्याची ऊठबस, म्हाताऱ्यांची झोप, जाळं विणणं, टोपली वळणं, सगळं ओटीवर. ओटीला लागून माजघर. हे घराचं पोट. अंधारं, बहुधा बिनखिडकीचं. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली भाताची कणगी इथे. देव इथे. बाळंतीण इथे. माजघराच्या वर माळा, त्यावर पेंढा, बियाणं, पावसाळ्याचं सरपण. मागे चुलीची जागा, त्याच्यामागे पडवी आणि मागचं दार. पडवीत उखळ, जातं, पाण्याची मडकी. एका बाजूची पडवी गुरांची.

या मांडणीत मोठी जागा माणसांना नाही, भाताला आहे. खळं भाताला, माळा भाताच्या पेंढ्याला, माजघर भाताच्या कणगीला, बाजूची पडवी भाताची नांगरणी करणाऱ्या बैलांना. माणसं उरलेल्या जागेत आणि बरीचशी ओटीवर. माजघर अंधारं ठेवायचं कारण अडाणीपणा नव्हे. धान्य अंधारात, कोरड्यात टिकतं. चुलीला धुराडं नसे. धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून निघून जाई आणि जाताजाता बियाण्यातली, बांबूतली, वाशांतली कीड हटवत जाई. माणसांच्या डोळ्यांना आणि छातीला त्याची किंमत मोजावी लागत होती, विशेषतः बायकांच्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापून आलं. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. कुडाच्या भिंती नि गवती छपराचं गरिबाचं घर, आणि विटांच्या भिंती नि कौलांचं सधन माणसाचं घर, अशी त्या काळची दोन टोकं होती. सांगाड्याचं तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच.

पहिला बदल छपरात

पहिला मोठा बदल मांडणीत नाही, छपरात झाला. गवत, पेंढा, झावळ्या यांच्या जागी नळीची कौलं आली होतीच. कुंभाराच्या चाकावरची, अर्धगोल, एकात एक बसणारी. ती दर वर्षी पावसाच्या आधी चाळावी लागत. माकड, मांजर, वारा, कुणीही ती हलवी. मग मंगलोरी कौलं आली. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि पुढच्या काही दशकांत ही लाल, चपटी, एकमेकांत खाचेने अडकणारी कौलं जहाजांतून साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

नळीचं कौल वाकड्यातिकड्या बांबूवर बसतं. मंगलोरी कौल बसत नाही. त्याला सारख्या अंतरावर ठोकलेल्या, करवतीने कापलेल्या रिपा लागतात. म्हणजे सुताराबरोबर लाकडाची वखार आली, आणि मेखेबरोबर खिळा आला. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारचा ताबा घट्ट होत गेला आणि लाकूड ही आणायची वस्तू न राहता विकत घ्यायची वस्तू होत गेली. तुमच्या गावात जुनं घर असेल तर वर बघा. खांब नि तुळया जाड, हाताने तासलेल्या, किंचित वाकड्या, आणि रिपा सरळ, सडपातळ, कापीव, असं दिसलं तर छप्पर सांगाड्यापेक्षा नंतरचं आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरा धक्का प्लेगचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरांची झडती, चुन्याची सफेदी, हवा-उजेड आत यावा म्हणून कौलं उतरवणं, हे सगळं शहरात झालं. गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही मुंबईत जागोजागी सापडतात. 'अंधारी खोली म्हणजे रोग' ही कल्पना तेव्हा सरकारी फर्मानातून रुजली. त्यानंतरच्या पिढ्यांत माजघरांना खिडक्या पडत गेल्या. लाकडी सांगाड्यात खिडकी पाडणं सोपं : दोन खांबांमधला कूड कापा, चौकट बसवा, झालं. छपराला कळतही नाही.

आगगाडी, कारखाने आणि भाडेकरू

कुर्ल्याहून चेंबूरकडे आलेला रेल्वेचा फाटा आधी शहराचा कचरा वाहण्यासाठी होता. १९२४ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. देवनारला शहराचा कचरा पडू लागला तो १९२७ पासून, असं साधारणपणे मानलं जातं. म्हणजे या गावांचा शहराशी पहिला लोखंडी संबंध कचऱ्याच्या गाडीतून आला. त्याच रुळांवरून नंतर नोकरी आली.

मग १९५०चं दशक. १९५० मध्ये उपनगरांचा हा भाग बृहन्मुंबईत आला. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जेचं केंद्र सुरू झालं, ज्याला आपण १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो. त्याच सुमाराला माहुल-तुर्भे भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. १९७१ मध्ये कत्तलखाना आला. या सगळ्याला जमीन लागली, आणि ती शेताची, खाजणाची, कुरणाची होती.

आता घराच्या आत काय झालं ते पाहा. शेत गेलं, म्हणजे भात गेलं. भात गेलं तर कणगी कशाला? बैल गेले, बाजूची पडवी रिकामी. खळ्यावर काही झोडायचं नाही. एका पिढीत घरातली निम्मी जागा बिनकामाची झाली. आणि नेमक्या त्याच वेळी कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना जागा हवी होती.

त्यामुळे गुरांची पडवी ही पहिली भाड्याची खोली झाली. तिला बाहेरून स्वतंत्र दार पडलं. मग मागची पडवी गेली. खळ्यावर पत्र्याची चाळ उभी राहिली. माळ्याला बाहेरून लाकडी जिना लागला आणि पेंढ्याच्या जागी माणसं आली. ओटी, जी पूर्वी साऱ्या गावाला उघडी होती, तिला जाळी, मग पट्ट्या, मग विटेची कंबरभिंत आणि लोखंडी खिडकी लागली. कारण आता समोरून जाणारा प्रत्येक माणूस ओळखीचा राहिला नव्हता.

या बदलात घरच्या बायकांना काय मिळालं आणि काय गेलं, हेही मांडलं पाहिजे. चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह आणि पुढे गॅस आला, धूर गेला. स्वयंपाकघर मागून पुढे, नळाजवळ सरकलं. पण दुपारी चार जणी मिळून बसायच्या ती पडवीही गेली.

आणि १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडेकरूला त्याने संरक्षण दिलं, ते गरजेचं होतं. पण गोठलेल्या भाड्यात कौलं चाळायचा खर्चही निघेना. सांगाडा मालकाचा, वापर भाडेकरूचा, दुरुस्ती कुणाचीच नाही, अशी अवस्था अनेक घरांत आली.

भिंत वाटता येते, तुळई नाही

इथपर्यंत सांगाड्याने सगळं सोसलं. भिंती हलल्या, दारं वाढली, तरी खांब उभे राहिले. पुढचा बदल त्याला पेलवला नाही. तो म्हणजे भावाभावांतली वाटणी.

पूर्वी वाटणी खणांनी होई. तीन खण थोरल्याला, तीन धाकट्याला. मध्ये एक कूड घातला की झालं. छप्पर एकच, आढं एकच, पावसाच्या आधी कौलं चाळायला सगळे एकत्र. पुढे एकाला स्लॅबचं घर हवं असतं, आणि ते चूक नाही. मुलं वाढली, न्हाणीघर हवं, संडास घरात हवा. तो आपले तीन खण उतरवतो. काय होतं?

मधली तुळई कापावी लागते. तिचा एक सांधा सुटला की बाकीचे सैल होतात, कारण लाकडी सांगाड्यात प्रत्येक सांधा शेजारच्या सांध्याला धरून असतो. जो कूड इतकी वर्षं आतली भिंत होता, तो आता बाहेरची भिंत होतो आणि पाऊस थेट त्यावर बसतो. नव्या घराच्या पायासाठी खड्डे घेतले की जुन्या जोत्याची माती सुटते. दोन-तीन पावसाळ्यांत धाकट्याचं घर झुकतं. मग सगळे म्हणतात, जुनंच होतं, पडणारच होतं.

याच्या जोडीला तळखड्याची गोष्ट. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, जुना उकरला जात नाही. जोत्याच्या चार पायऱ्यांपैकी दोन जमिनीत जातात, मग चारही. पाणी घरात येऊ लागतं, म्हणून घरातली जमीन उंच करून लादी घालतात. त्या लादीखाली तळखडा गाडला जातो, आणि कोरडा राहावा म्हणून दगडावर टेकवलेला खांब आता वीतभर काँक्रीटमध्ये उभा राहतो. वर कुडाला सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडून धरतं. बाहेरून घर पक्कं दिसतं आणि आत खांबाचा बुंधा कुजत असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसात रस्त्याच्या खाली गेलेलं जोतं म्हणजे काय, हे सखल भागातल्या प्रत्येकाने पाहिलं.

म्हणजे ही घरं केवळ वयामुळे कमकुवत झाली असं म्हणता येत नाही. सांगाड्याच्या एकेका नियमाविरुद्ध केलेल्या, त्या त्या वेळी अगदी समजण्यासारख्या दुरुस्त्यांनी ती कमकुवत झाली.

शिवाजीनगरचा खण

आता गोवंडीच्या दुसऱ्या घराकडे वळू, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून या भागात वसाहती बसवल्या गेल्या. १९७६ मध्ये तुर्भ्याची जनता कॉलनी हलवून चिता कॅम्प झाला. अशा वसाहतींत कुटुंबाला मिळणारा तुकडा साधारण दहा बाय पंधरा फुटांचा. पाच फुटांच्या खणाने मोजलं तर दोन खण रुंद आणि तीन खण लांब. सहा खणांची जमीन, तीही खाजण भरून केलेली.

तिथे लोकांनी काय केलं? आधी बांबूचे किंवा लाकडाचे खांब, वर पत्रा किंवा प्लास्टिक, भिंतीला चटई. मग भिंत विटेची. मग पोटमाळा. मग लोखंडी खांब नि वरचा मजला, बाहेरून जिना, वर भाडेकरू किंवा जरीकामाचा कारखाना. ज्या क्रमाने गावठाणातलं घर शंभर वर्षांत बदललं, जवळजवळ त्याच क्रमाने हे घर वीस-तीस वर्षांत बदललं. आधी खांब, मग भिंत. आधी निवारा, मग भाडं. वर माळा, बाहेरून जिना. ही माणसं सोलापूर-जालन्याकडून आली असोत की उत्तर प्रदेश-बिहारहून, घर थोडं थोडं, हातात पैसा येईल तसं वाढवायचं, ही शेतकऱ्याच्या घराची रीत त्यांच्याबरोबर आली. गावठाणातला माणूस आणि शिवाजीनगरातला माणूस एकमेकांकडे परके म्हणून पाहतात. त्यांची घरं पाहिली तर तसं वाटत नाही.

पाडण्यापूर्वी

आता मुद्द्याचं. 'मग ही जुनी घरं वाचवायची का?' हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. आमचं म्हणणं असं, की राहणाऱ्यावर संग्रहालय लादू नये. पण पाडण्यापूर्वी मोजावं.

कारण यात प्रेमाइतकाच हक्काचा प्रश्न आहे. शेतसाऱ्याच्या जुन्या मोजणीत गावठाण हा बहुधा एकच सलग तुकडा असे. आत कुणाचं घर कुठे, याची नोंद नसे, कारण त्यावर शेतसारा नव्हता. घरनिहाय मिळकतपत्रिका फार नंतर, नगरभूमापनात आल्या. तेव्हा ज्या जागेवर भिंत दिसली ती जागा नोंदणं सोपं होतं. पण खळं, ओट्यापुढची मोकळी जागा, मागच्या विहिरीची वाट, जाळी वाळवायची जागा यांना भिंत नसते. आपण पाहिलं की जुन्या घरात कामाचा मोठा भाग अशाच बिनभिंतीच्या जागेत होत होता. पुनर्विकासाच्या वाटाघाटीत या जागा 'मोकळ्या' म्हणून सुटतात. त्या घराचाच भाग होत्या, हे दाखवायला घराचा नकाशाच उपयोगी पडू शकतो.

म्हणून चार गोष्टी करा. एक, खण मोजा आणि खांबांचा नकाशा काढा, भिंतींचा नंतर. दोन, तुळयांवरच्या रिकाम्या खाचा शोधा. जिथे खाच आहे आणि लाकूड नाही, तिथे पूर्वी काहीतरी होतं, माळा, पडवी, किंवा पाडलेला अर्धा वाटा. तीन, वाशांवरची काजळी पाहा. आज तिथे बेडरूम असेल, पण काजळी सांगेल की चूल इथे होती. चार, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की कणगी कुठे होती, बाळंतपणं कुठे झाली, खळं कुठपर्यंत होतं. पुरुष बहुधा हद्द सांगतात, बाया वापर सांगतात. दोन्ही लिहून ठेवा, तारीख घाला, फोटो जोडा.

आणि ज्यांना घर ठेवायचं आहे त्यांनी सिमेंटचा गिलावा करण्यापूर्वी खांबाचा बुंधा मोकळा करून पाहावा. बुंधा कुजला असेल तर तेवढाच कापून नवा जोड देता येतो, जाणता सुतार ते करतो. एक खांब बदलायला सारं घर पाडावं लागत नाही. सांगाड्याचा हाच तर फायदा होता.

आजचं व्याख्यान इथे थांबवू. तुमच्या गावठाणातल्या घराचा खांबांचा नकाशा, हाताने काढलेला का असेना, तयार झाला तर पुढच्या भेटीला जरूर घेऊन या. तेव्हा आपण तो एकत्र बसून वाचू.